पाचट ठेवल्यावर खोडवा पिवळा का पडतो?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम सुरू झाला की ‘पाचट (ऊस तोडल्यावर रानात राहणारा वाळका पाला) जाळू नका’ हे आवाहन छापून येते आणि चिकोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी भागात धुराचे लोट उठायचे ते उठतातच. शेतकरी अडाणीपणाने जाळतो, हा समज चुकीचा आहे. पाचट ठेवून पाहिलेल्या पुष्कळांचा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणारे पीक) महिना-सव्वा महिन्यात पिवळा पडला, फुटवे कमी आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी काडी ओढली. हा पिवळेपणा का येतो, हे आवाहनात नसते. ते सांगितले नाही, तर नुसत्या उपदेशाने आग थांबणार नाही.

कारण कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांच्या हिशेबात आहे. एक टन वाळलेल्या पाचटात साधारण ४०० किलो कर्ब आणि जेमतेम ४ ते ५ किलो नत्र असते, म्हणजे नत्राच्या ८० ते १०० पट कर्ब. पाचट कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशींच्या शरीरात मात्र हे प्रमाण आठ-दहाला एक असते. कुजताना बराचसा कर्ब श्वासावाटे कर्बवायू होऊन हवेत जातो. सुमारे एक तृतीयांश, म्हणजे १३० किलोच्या आसपास, त्यांच्या शरीरात बांधला जातो, असे धरू. त्याच्या जोडीला त्यांना १३ ते १६ किलो नत्र लागते. पाचटातले ४-५ किलो वजा जाता उरलेले ते जमिनीतून उचलतात आणि उसाच्या मुळ्यांपेक्षा आधी उचलतात. एकरी साडेतीन टन पाचट धरले तर युरियाच्या जवळपास दीड ते दोन पोत्यांइतके नत्र असे अडकू शकते. सगळे पाचट एकदम कुजत नाही, त्यामुळे ओढ एकाच वेळी बसत नाही. पण पहिल्या पाण्यानंतरचे चार-सहा आठवडे तीव्र असतात आणि नेमके तेव्हाच खोडव्याला फुटवे यायचे असतात. हे नत्र बुडत नाही. जिवाणू मरतात, कर्बाचे प्रमाण विसाच्या खाली येते, तसे ते पुन्हा पिकाला मिळू लागते; पण तोवर फुटव्यांची वेळ टळलेली असते.

म्हणूनच टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू खत अशी शिफारस आहे. साडेतीन टनांना २८ किलो युरिया, ३५ किलो सुपर आणि साडेतीन किलो जिवाणू खत होते. आता हिशेब पाहा. ८ किलो युरियात नत्र ३.७ किलोच, तूट मात्र टनाला ८ ते ११ किलोची. म्हणजे हा युरिया कुजणे सुरू करून देण्यापुरता आहे, पिकाच्या वाट्याचा नाही. ‘पाचटावर युरिया टाकला, आता खताचा पहिला हप्ता महिन्याने देऊ’ असे जे म्हणतात, त्यांचाच खोडवा पिवळा पडतो.

कामाचा क्रम असा ठेवावा. तोड झाल्यावर बुडख्यांवरचे पाचट सरीत ओढून सारखे पसरावे. बुडखे जमिनीलगत छाटून त्यावर लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून फवारावे. मग युरिया आणि सुपर टाकावे, जिवाणू खत चांगल्या कुजलेल्या शेणखतात कालवून वेगळे पसरावे आणि त्याच दिवशी पाणी द्यावे. या शेवटच्या अटीवर सगळे अवलंबून आहे. युरियाचे विघटन करणारे युरिएज हे विकर पाचटावर उघड्या मातीपेक्षा जास्त असते. दवाने ओल्या पाचटावर युरिया चार दिवस पडून राहिला, तर त्याचा अमोनिया होऊन उडतो. आपल्या काळ्या जमिनींचा सामू (पीएच) आठच्या पुढे असल्याने तिथे हे आणखी वेगाने घडते. उद्या पाण्याची पाळी नसेल, वीज नसेल, तर युरिया पोत्यातच राहू द्यावा.

पहिला हप्ता तोडीपासून १५ दिवसांत पहारीने द्यावा. बुडख्यापासून १५ सेंटीमीटरवर, १० ते १५ सेंटीमीटर खोल छिद्र, दोन छिद्रांत ३० सेंटीमीटर अंतर. खत टाकून छिद्र बुजवावे. दुसरा हप्ता १३५ दिवसांच्या सुमारास, सरीच्या विरुद्ध बाजूने. पहारीने मजूर वाचत नाही, उलट जास्त लागतो. पण खत पाचटाच्या खाली मातीत गेल्यामुळे ते जिवाणूंच्या तडाख्यातून बरेचसे सुटते. फोकून दिलेले खत आधी पाचटालाच मिळते.

सरी अरुंद असेल तर पाचट पाणी अडवते, हेही खरे. तिथे एकाआड एक सरीत पाचट भरून मोकळ्या सरीतून पाणी द्यावे. कुट्टी यंत्र मिळाले तर उत्तमच, कारण तुकडे मातीला चिकटतात आणि लवकर कुजतात. शेजाऱ्याची आग आपल्या रानात येऊ नये म्हणून बांधालगतचा पट्टा मोकळा ठेवावा.

जाळल्याने काय जाते, यातही अतिशयोक्ती होते. पोटॅश आणि स्फुरद (फॉस्फरस) बरेचसे राखेत राहतात. राख वाऱ्याने गेली तर गेली. नत्र जवळजवळ सगळे जाते, पण ते एकरी १५-१६ किलो. ४५ किलोचे युरियाचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते, त्या हिशेबाने हे नुकसान दोनशे रुपयांचे. एवढ्यासाठी कोण हात आखडणार? खरे नुकसान एकरी १,४०० किलो कर्बाचे आहे आणि तो कोणत्याही पोत्यात मिळत नाही.

तरी पाचट ठेवल्याने वर्षात सेंद्रिय कर्ब ०.४ वरून ०.८ टक्के होतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. एकरातील वरच्या १५ सेंटीमीटर मातीचे वजन सुमारे ९०० टन, म्हणजे ०.१ टक्का वाढीला ९०० किलो कर्ब लागतो. पाचटातल्या १,४०० किलोंपैकी टिकाऊ स्वरूपात फार तर १० ते २० टक्के उरतो, म्हणजे १४० ते २८०. शिवाय जुना कर्बही दरवर्षी थोडा झिजतो. ०.१ टक्क्याला पाच-सहा वर्षे लागली तर ती चांगली प्रगती समजावी. एका वर्षात आकडा दुप्पट दिसला, तर बहुतेक वेळा नमुन्यात पाचटाचे तुकडे गेलेले असतात. नमुना दरवेळी त्याच महिन्यात, त्याच खोलीवर, १५-२० ठिकाणांहून, न कुजलेले अवशेष वेचून काढून घ्यावा आणि सावलीत वाळवावा. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याखाली असेल तर कमी, ०.७५ च्या वर असेल तर भरपूर.

एक अपवाद सांगितलाच पाहिजे. कृष्णा आणि दूधगंगेच्या काठच्या, पाणी साचणाऱ्या चिबड रानांत पाचट सरीत ठेवू नये. हवा नसलेल्या मातीत जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू ओढतात, नत्र वायुरूपाने निघून जाते आणि पाचटाचा कर्ब त्यांना आयते खाद्य पुरवतो. यात काही भाग नायट्रस ऑक्साइड असतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कर्बवायूच्या २७३ पट उष्णता धरतो. अशा ठिकाणी आधी चर काढावेत आणि पाचट बाहेर नेऊन शेणाच्या थरांत कुजवावे.

मागणी दोनच गोष्टींची आहे. साखर कारखान्यांनी तोडणी कार्यक्रमाबरोबरच कुट्टी यंत्रांची पाळी गटवार जाहीर करावी. तोडीनंतर आठवड्यात यंत्र आले नाही तर शेतकरी थांबत नाही. दुसरे, सीमाभागात मृदा आरोग्य पत्रिका कन्नडमध्ये हाती पडते आणि खोडव्याचा सल्ला मराठीत, बहुधा कोल्हापूरकडून, ऐकीव येतो. दोन्ही भाषांत एक पान छापून ऊस नोंदीच्या वेळीच द्यावे. त्यावर टनामागे युरिया-सुपरचे प्रमाण, ‘त्याच दिवशी पाणी’ ही अट, पहारीचे अंतर आणि चिबड जमिनीचा अपवाद ठळक असावा.

आपला,
मृदाशास्त्राचा एक अभ्यासक
ता. चिकोडी, जि. बेळगाव