लायब्ररीतली ती रिकामी खुर्ची

नाशिक, मंगळवार रात्र

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज बोलून गेलास, "आमच्या लायब्ररीत बुधवारी संध्याकाळी बायका विणत बसतात, काचेतून दिसतात. एक खुर्ची रिकामीच असते." आणि लगेच विषय बदललास. मी रात्रभर त्या खुर्चीचाच विचार करत होते. तिकडे स्कॉटलंडात, ॲबर्डीनला आता दुपारी साडेतीनला अंधार पडतो. ऑफिसातून खोलीवर आलास की दुसऱ्या सकाळपर्यंत कोणाशी एक शब्द बोलत नाहीस. हे तू सांगितलं नाहीस, पण तुझ्या आवाजावरून मला कळतं. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहायला बसले.

आधी एक जुनी गोष्ट. चौथीतल्या थंडीत तू माझ्याकडून टाके घालायला शिकला होतास. बाबांसाठी तपकिरी मफलर वीतभर विणलासही, आणि तुझी वीण माझ्यापेक्षा एकसारखी होती. मग रिक्षातली मुलं हसली, तू रडत घरी आलास, आणि मी म्हटलं, "राहू दे, मुलांचं काम नाही ते." सुया मीच काढून घेतल्या. बाळा, ती माझी चूक होती. पेरूमधल्या टाकिले बेटावर टोप्या विणायचं काम पुरुषांचंच असतं, हे मला फार उशिरा कळलं. पण कळलं नसतं तरी तेव्हा मी तुझ्या बाजूने उभं राहायला हवं होतं.

आता आमच्या मंगळवारबद्दल. तुला वाटतं आम्ही पाचसहा जणी गप्पा मारायला जमतो. गप्पा होतातच, पण सध्या जाळीच्या शाली चालल्या आहेत. नमुना सगळ्यांचा एकच, तो स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांचा, लाटांचा, ओल्ड शेल. अठरा टाक्यांचा आहे. आधी दोनाचा एक तीन वेळा, मग सुईवर दोरा घेऊन एक सुलट असं सहा वेळा, मग पुन्हा दोनाचा एक तीन वेळा. सहा टाके मिटले आणि सहा भोकं पडली, म्हणजे अठराचे अठराच राहिले. जितके कमी करशील तितके वाढवायचे, एवढंच जाळीचं गणित. पण एक दोरा घ्यायचा राहिला तर तेव्हा कळत नाही. चार ओळी वर गेल्यावर लाट तिरकी दिसते.

पहिल्या मजल्यावरच्या काकूंना मोतीबिंदूमुळे बारीक टाके दिसेनासे झाले होते. त्या म्हणाल्या, आता माझं बंद. तर आपल्या नर्सताई नमुना मोठ्याने म्हणायला लागल्या, "दोनाचा एक, दोनाचा एक, दोनाचा एक... दोरा-सुलट, दोरा-सुलट..." काकू बोटांनी चाचपत विणत गेल्या. हळूहळू आम्ही सगळ्याच म्हणायला लागलो. हरिपाठासारखी लय लागते त्याला. ऑपरेशन होईपर्यंत काकूंची शाल अशी आमच्या आवाजावर विणली गेली.

आणि बाबा गेल्यावरचं तुला मी कधी सांगितलं नाही. तेरावा झाला, तू परत गेलास, आणि मी चार महिने दार लावून घेतलं. कोणी आलं की "बरी आहे" म्हणून बोळवण करायची. एका मंगळवारी या सगळ्या जणी पिशव्या घेऊन माझ्याच हॉलमध्ये येऊन बसल्या. "कशी आहेस" असं एकीनेही विचारलं नाही. बँकेतल्या वहिनींनी माझी पिशवी शोधून काढली. शाल सुईवरून निसटली होती, बरेच टाके सुटून खाली धावले होते. जाळीचं असं झालं की सुटलेला टाका उचलणं फार कठीण, कारण खाली भोकंच भोकं. त्या म्हणाल्या, "उसवू या, पण बेताने." चांगली ओळ सापडेपर्यंत त्यांनी अकरा ओळी उसवल्या. त्या ओळीच्या प्रत्येक टाक्यातून शिवणाचा पांढरा दोरा ओवून ठेवला, म्हणजे पुन्हा सुटलं तरी त्याच्या खाली जाणार नाही. मग सुई माझ्या हातात दिली. त्या दिवशी मी रडले. पण कोणाकडे बघावं लागलं नाही, बोलावं लागलं नाही. हात चालू होते ना. नर्सताई माझ्यासाठी टाके म्हणत राहिल्या, एवढंच.

तू मला गेल्या उन्हाळ्यात शेटलंडला नेलंस, ते मी तेव्हा नुसतं पाहून घेतलं. आता त्याचा अर्थ लागतोय. रात्रभर बोटीने लर्विक, मग आणखी दोन फेरीबोटी बदलून पार उत्तरेचं अन्स्ट बेट. तिथे काचेमागची ती शाल आठवते? मेंढीच्या मानेजवळची मऊ लोकर, कात्री न लावता हाताने उपटलेली, एकपदरी कातलेली. अख्खी शाल लग्नातल्या अंगठीतून ओढून काढता येते म्हणतात. मी तिथे उभी राहून काठच बघत होते. आपल्याकडे साडीला काठ महत्त्वाचा, त्यांच्या शालीलाही तसाच. पूर्वी तर काठ आधी विणून त्यावरून टाके उचलत आत जायचे.

इतकी नाजूक वस्तू विणणाऱ्या बायका किती कष्टाच्या होत्या ते बघ. कमरेला चामड्याचा पट्टा, त्याच्या भोकात सुईचं टोक रोवलेलं, पाठीवर जळणाची टोपली आणि चालता चालता विणणं. व्यापारी रोकड देत नसत, बदल्यात चहा नाहीतर कापड देत. १८७२ च्या सरकारी चौकशीत कितीतरी विणणाऱ्या बायकांनी हे धीटपणे सांगितलं आहे. वाटेत येल बेटावर ग्लूपचं स्मारक पाहिलं, लेकरू घेऊन समुद्राकडे बघणारी बाई. १८८१ च्या जुलैमधल्या एका वादळात १० होड्या गेल्या, ५८ माणसं गेली. तू माहिती वाचत होतास आणि मी मनात म्हणत होते, त्या रात्रीनंतर या घरांतल्या बायका कुणाच्या चुलीशी जाऊन बसल्या असतील? सुया तर प्रत्येकीकडे होत्याच. तेव्हा मला आपला हॉल आठवला, आणि मी तुझा हात धरला. तुला वाटलं मला थंडी वाजतेय.

माझी शाल गेल्या आठवड्यात पुरी झाली. टाके बंद केले तेव्हा नुसता बोळा दिसत होता. धुतली, आणि गच्चीवर जुन्या गादीवर ताणायला घेतली. चौघी चार कोपऱ्यांना. नऊवारी वाळत घालताना दोघी दोन टोकांनी ओढतात ना, तसंच, पण श्वास रोखून. काठाचं एकेक टोक टाचणीने टोचत गेलो तशी एकेक लाट उघडत गेली. मधोमध एका ठिकाणी लाट वाकडी आहे, ती माझ्या त्या चार महिन्यांच्या जागेची. वहिनी म्हणाल्या, दिसत नाही गं. मला दिसते, आणि ती असू दे.

ही शाल तुला पाठवते आहे. पार्सलमध्ये दोन सुया, राखाडी लोकरीचे दोन गुंडे, शिवणाचं पांढरं रीळ आणि तुझा तो वीतभर तपकिरी मफलरही आहे. मी तो टाकला नव्हता. पार्सल मिळालं की येणाऱ्या बुधवारी तो घेऊन जा. इंग्रजीत काय बोलायचं याची काळजी करू नकोस. सुई पुढे कर आणि विचार, इथून पुढे कसं विणू. पहिल्या दिवशी नाही जमलं तर काचेजवळून घरी जा, पण त्याच्या पुढच्या बुधवारी परत जा. गेलास की रात्री कितीही वाजलेले असोत, मला फोन कर.

तुझी,
आई

ता. क. : नर्सताई विचारतात, तिकडे नमुना मोठ्याने म्हणतात का? म्हणत असतील तर कसं म्हणतात ते नीट ऐकून ये.