मुक्तास, ऑडिशनच्या आधी

सांगली,
शुक्रवार, रात्री

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू जे सांगितलेस ते ऐकून मी गप्प राहिले आणि माझ्या गप्प राहण्याचा अर्थ तू होकार असा लावलास, म्हणून हे पत्र लिहीत आहे. तीन वर्षे रोज रात्री घराघरांत दिसणाऱ्या अभिनेत्रीला चित्रपटाच्या लोकांनी ‘एकदा येऊन ऑडिशन देऊन जा’ असे सांगावे, याचा तुला अपमान वाटला. त्यांनी माझे काम पाहिलेले नाही का, असे तू विचारलेस. पाहिले असेल, बाळा, आणि पाहिले म्हणूनच बोलावले असेल. त्यांनी पाहिली आहे ती मालिकेतली हसरी, खोडकर धाकटी जाऊ. त्यांना हवी आहे ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करणारी, दोन मुलांची विधवा आई. या दोघींमधले अंतर तू कापू शकतेस, हे मला ठाऊक आहे. त्यांना ते ठाऊक असण्याचे काही कारण नाही.

गेल्या पावसाळ्यात तू चार दिवस इथे होतीस, तेव्हा तुझ्या लॅपटॉपवर आपण ‘नॉर्मा रे’ हा अमेरिकन चित्रपट पाहिला होता. तू गेल्यावर मी त्यातल्या नायिकेचा, सॅली फील्डचा, माग काढत राहिले. तिचे जे चित्रपट मिळाले ते पाहिले आणि 2018 साली तिने लिहिलेले आत्मचरित्र शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. तुझ्या वयाच्या मुलींना आयांनी परदेशातल्या नटीचे दाखले द्यावेत, हे तुला रुचणार नाही. पण तुझ्या कालच्या प्रश्नाचे उत्तर मला तिच्याच आयुष्यात सापडते, आणि ते तसेच तुझ्यापुढे ठेवते.

सॅलीचा जन्म 1946 सालचा, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना शहरातला. आई मार्गारेट फील्ड चित्रपटांत लहानमोठी कामे करणारी नटी, आणि सावत्र वडील जॉक महोनी हे मारधाडीच्या चित्रपटांतले नट. शाळा संपल्यावर ती कॉलेजात गेली नाही. कोलंबिया स्टुडिओच्या अभिनयाच्या एका वर्गात गेली आणि तिथून थेट ‘गिजेट’ या मालिकेत नायिका झाली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. समुद्रकिनाऱ्यावर लाटांशी खेळणाऱ्या त्या मुलीची मालिका 1965 मध्ये सुरू झाली आणि एका हंगामातच बंद पडली. गंमत अशी की बंद झाल्यावर उन्हाळ्यात तेच भाग पुन्हा दाखवले गेले, तेव्हा ते लोकांना फार आवडले. मालिका तर संपलेली, मग आता या मुलीचे करायचे काय, म्हणून वाहिनीने तिच्यासाठी दुसरी मालिका काढली, ‘द फ्लाइंग नन’.

ही मालिका मी पाहिली, आणि खरे सांगते, पाहताना मला तिच्याविषयी वाईट वाटले. पोर्तो रिकोतल्या एका मठात नवी जोगीण येते. तिचे वजन जेमतेम एक्केचाळीस किलो आणि डोक्यावरची खळ घातलेली टोपी मोठ्या पंखांसारखी, त्यामुळे वारा आला की ती चक्क उडते. सॅलीने हे काम आधी नाकारले होते. मग सावत्र वडिलांनी तिला सांगितले की हे नाकारलेस तर पुन्हा काम मिळेलच असे नाही. त्या भीतीने तिने होकार दिला. 1967 ते 1970 अशी तीन वर्षे, ब्याऐंशी भाग, ती तारांना लटकून उडत राहिली. तिसऱ्या हंगामात ती गरोदर होती आणि ते त्या सैलसर झग्याखाली झाकावे लागले. ज्या वयात अभिनयाची भूक सर्वांत जास्त असते, त्या वयात तिला लोक ओळखू लागले ते उडणारी मुलगी म्हणून, आणि त्यावरचे विनोद पुढे कित्येक वर्षे तिच्या मागे लागले.

याच मालिकेत मठाच्या मुख्य जोगिणीचे काम मॅडेलिन शेरवुड करीत होत्या. रंगभूमीवर मुरलेल्या या अभिनेत्रीने सॅलीची तगमग ओळखली आणि तिला ॲक्टर्स स्टुडिओमध्ये नेले. ली स्ट्रासबर्ग तिथे शिकवीत. तारांवर लटकण्याचे काम आणि स्ट्रासबर्गांसमोर उभे राहून मनाच्या तळातले काढून दाखवण्याची साधना, ही दोन्ही तिने बरोबरीने केली. या भागाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबते. मालिकेत आपल्याला वाया घालवत आहेत, असे तिला वाटत होते आणि ते खोटेही नव्हते. तरी तिने आपली सगळी शक्ती त्या तक्रारीत घालवली नाही. मला हवे तिथे मी पोचलेली नाही, म्हणजे अजून माझी तयारी कमी पडते, असे तिने स्वतःला बजावले. हा हिशेब स्वतःशी फार कठोर आहे आणि प्रत्येक वेळी तो खराही नसतो, कारण दारे बंद करणारे लोक असतातच. पण त्या हिशेबामुळे तिच्या हाती काम राहिले.

पुढची काही वर्षे कोरडी गेली. आणखी एक मालिका वर्षभरात संपली, चित्रपटवाले तिला भेटायलाही तयार नसत. तेवढ्यात ‘सिबिल’ आले. एकाच तरुणीत वसणारी अनेक व्यक्तिमत्त्वे, असा तो दूरचित्रवाणीसाठीचा चित्रपट होता, दोन रात्री चालणारा. (ज्या खऱ्या कथेवर तो बेतला होता तिच्या खरेपणाविषयी पुढे पुष्कळ वाद झाले, पण अभिनयाला त्याने बाध येत नाही.) गिजेट आणि उडणारी जोगीण झालेल्या मुलीला हे पेलेल, यावर कोण विश्वास ठेवणार? तिने निवड करणाऱ्यांसमोर जाऊन, त्या पात्राच्याच अंगाने वागून, त्यांना तो ठेवायला लावला. समोर डॉक्टरच्या भूमिकेत जोआन वुडवर्ड होत्या, ज्यांना अशाच एका रुग्ण स्त्रीच्या भूमिकेसाठी पूर्वी ऑस्कर मिळाले होते. 1976 च्या नोव्हेंबरात ‘सिबिल’ दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी सॅलीला एमी हा दूरचित्रवाणीसाठीचा पुरस्कार मिळाला. ज्या पडद्याने तिच्यावर शिक्का मारला होता, त्याच लहान पडद्यावर तिने तो पुसला, हे विसरू नकोस. मालिका सोडली म्हणजेच माणूस नट होतो, असे तू म्हणतेस ते मला मान्य नाही.

आता ‘नॉर्मा रे’. कापड गिरणीतल्या कामगार बाईचा 1979 चा हा चित्रपट पाहताना मी मधेच उठून स्वयंपाकघरात गेले होते आणि तू मला हाक मारत राहिली होतीस. त्या दिवशी मी काही बोलले नाही, आज सांगते. तुझे आजोबा लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याशीही खुणांनी बोलावे लागे, आणि घरी आल्यावर ते साधे बोलत तेही ओरडल्यासारखे वाटे. नॉर्मा कामाच्या टेबलावर चढते, पुठ्ठ्यावर ‘युनियन’ असा एकच शब्द लिहून तो दोन्ही हातांनी वर धरते, सावकाश चारी बाजूंना वळते आणि एकामागून एक कामगार आपापले यंत्र बंद करीत जातात, शेवटी सगळे खाते निःशब्द होते. ती शांतता मला ओळखीची होती. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. गिरणगावातले अडीच लाख कामगार त्या संपात होते, आणि तुझे आजोबा त्यानंतर पुन्हा कधी साच्यावर उभे राहिले नाहीत.

नॉर्मा ही पूर्ण कल्पनेतली बाई नव्हे. नॉर्थ कॅरोलायनातल्या रोअनोक रॅपिड्स गावी क्रिस्टल ली सटन नावाची कामगार होती. 1973 मध्ये कंपनीने तिला काढून टाकले, तेव्हा बाहेर जाण्याआधी टेबलावर चढून तिने हेच केले होते, आणि पुढच्या वर्षी तिथल्या कामगारांनी संघटनेच्या बाजूने मत दिले. दिग्दर्शक मार्टिन रिट यांनी स्वतः 1950 च्या दशकात, कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून हॉलिवूडच्या काळ्या यादीत नाव गेल्याने, कामाविना दिवस काढले होते. चित्रण अलाबामातल्या ओपेलायकाच्या खऱ्या गिरणीत झाले. तिथे सॅलीने जे केले त्यात नटीचा आव कुठेच नाही. घामाने चिकटलेले केस, थकून वाकलेली पाठ आणि टेबलावर चढल्यावर तोंडावर उमटलेली भीती. ती शूर दिसायचा प्रयत्न करीत नाही, म्हणून शूर वाटते. या भूमिकेने तिला कान महोत्सवातला पुरस्कार आणि पहिले ऑस्कर दिले.

दुसरे ऑस्कर 1985 च्या समारंभात मिळाले, ‘प्लेसेस इन द हार्ट’साठी, मंदीच्या काळातली टेक्सासमधली विधवा, जी कापूस पिकवून घर वाचवते. तेव्हाचे तिचे भाषण लोकांनी वर्षानुवर्षे टिंगलीसाठी वापरले, आणि तेही मोडतोड करून. मी ते पूर्ण ऐकले. माझी वाटचाल रूढ मार्गाने झाली नाही, मला तुमच्याकडून मान हवा होता, पहिल्या वेळी तो जाणवला नाही, आज मात्र तुम्हाला मी आवडते हे नाकारता येत नाही, असा त्याचा आशय आहे. उडणाऱ्या जोगिणीवरचे विनोद पंधरा वर्षे ऐकलेल्या बाईचे ते बोलणे आहे. त्यात हसण्यासारखे मला काही आढळले नाही.

इथे गोष्ट संपली असती तर मी हे पत्र लिहिले नसते. दोन ऑस्कर असूनही चाळिशीनंतर तिच्या वाट्याला काय आले, ते बघ. 1988 च्या ‘पंचलाइन’मध्ये टॉम हँक्स तिच्या प्रेमात पडणाऱ्या विनोदवीराच्या भूमिकेत होते, 1994 च्या ‘फॉरेस्ट गंप’मध्ये ती त्याच टॉम हँक्सची आई झाली. दोघांच्या वयात पुरते दहा वर्षांचेही अंतर नाही. आपल्याकडे ‘लाल सिंग चढ्ढा’ झाला, तेव्हा हीच आईची भूमिका मोना सिंग यांनी केली, ज्या आमिर खानपेक्षा सोळा वर्षांनी लहान आहेत आणि ज्यांना घराघराने ओळखले ते ‘जस्सी जैसी कोई नहीं’ या मालिकेमुळे. नटाचे वय वाढले तरी तो मुलगा राहतो आणि नटीला आई व्हावे लागते, हा अन्याय आहे आणि त्याला मी अन्यायच म्हणेन. सॅलीने मात्र त्या आयांना जीव दिला. ‘स्टील मॅग्नोलियाज’मध्ये मुलीला मूठमाती दिल्यावर स्मशानात तिचा जो बांध फुटतो, तो प्रसंग मी एकदाच पाहिला आणि पुन्हा पाहणार नाही. मोठ्या पडद्यावरचे काम आटू लागले तेव्हा ती संकोच न करता दूरचित्रवाणीकडे परतली. ‘ईआर’मधली मनोविकाराशी झुंजणारी आई आणि ‘ब्रदर्स अँड सिस्टर्स’मधली नोरा वॉकर, या दोन्ही भूमिकांना एमी मिळाले.

आता मूळ मुद्दा. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी ‘लिंकन’साठी राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या पत्नीची, मेरी टॉड लिंकनची, भूमिका तिला आधीच देऊ केली होती. मग वर्षे गेली, लिंकनची भूमिका करणारे नट बदलले आणि डॅनियल डे-लुईस आले, जे तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. स्पीलबर्गांनी तिला सांगितले की ही जोडी मला आता जुळताना दिसत नाही. चौसष्ट वर्षांची, दोन ऑस्कर मिळवलेली बाई यावर रागावून घरी बसली असती तर कोणी तिला दोष दिला नसता. तिने सांगितले की मी माघार घेणार नाही, माझी चाचणी घ्या. तिला कोणी चाचणीला बोलावले नव्हते, मुक्ता, तिने ती मागून घेतली. चाचणी झाली. तेवढ्याने निर्णय होईना, तेव्हा डे-लुईस आयर्लंडहून विमानाने आले आणि दोघांनी समोरासमोर प्रसंग करून पाहिला. भूमिका तिला मिळाली. त्यासाठी तिने अकरा किलो वजन वाढवले. 2011 च्या शरदात व्हर्जिनियात चित्रीकरण चालू असताना, तिच्या पासष्टाव्या वाढदिवशीच, तिची आई वारली, आणि तरी ते काम तिने पुरे केले. त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. पुरस्कार दुसरीला गेला.

तिच्या आईविषयी आत्मचरित्रात जे आहे ते वाचून माझी झोप उडाली होती. सावत्र वडिलांनी लहानपणी तिच्यावर जे अत्याचार केले ते तिने त्यात उघड लिहिले आहे. आईशी त्याविषयी बोलायला तिला अर्धे आयुष्य लागले. म्हणून तुला एवढेच सांगते की सेटवर किंवा ऑडिशनच्या खोलीत कोणाचे वागणे खटकले, तर तडक उठून ये आणि त्याच रात्री मला सांग. काम मागायला जाणे आणि अपमान गिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक तुला कळतो. या चित्रपटवाल्यांनी तुला संहितेची चार पाने आधी पाठवली आहेत, दिग्दर्शिका स्वतः हजर राहणार आहे. मला यात अपमान दिसत नाही.

ऑडिशन मंगळवारी आहे ना? त्यांना सोमवारी सकाळी कळव की येते. तू फोनवर वाचून दाखवलास तो मुकादमाबरोबरचा प्रसंग मला चांगला वाटला, फक्त तू तो फार मोठ्या आवाजात वाचतेस. शिलाईयंत्रांच्या गोंगाटातही ती बाई त्या वेळी हळू बोलेल, असे वाटते. आजोबांना खरा राग आला की त्यांचा आवाज खाली जात असे. मी रविवारी पहाटेच्या गाडीने निघते, दुपारपर्यंत तुझ्याकडे पोचेन. मुकादमाचे संवाद मी वाचीन. तुझी ती जुनी सुती साडी, जी तू इथे टाकून गेली होतीस, धुऊन इस्त्री न करता घेऊन येत आहे.

तुझी,
आई