पंचाची सही आणि पोचपावती

माननीय मंत्री, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

महोदय,

दिवाळी जवळ आली की खव्यावर, तेलावर धाडी पडतात आणि जप्त मालाचे फोटो छापून येतात. त्यातलं एक प्रकरण पुढे कोर्टात कसं कोसळलं, ते मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून पाहिलं आहे.

आमच्या पेठेतल्या दुकानात हळकुंडांचा नमुना घेतला, तेव्हा रस्त्यावरून जाताना मला पंच म्हणून बोलावलं. मी सह्या केल्या. अहवालात लेड क्रोमेट निघालं. पिवळाधमक रंग यावा म्हणून चोळलेलं ते विष. त्यातलं शिसं लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतं. मला समन्स मात्र साडेचार वर्षांनी आलं. आरोपीच्या वकिलांनी विचारलं: नमुन्याचे चार भाग तुमच्यासमोर केले का? बरण्या कोरड्या होत्या का? लाखेवर शिक्का कोणाचा होता? मला आठवत नव्हतं, आणि शपथेवर खोटं बोलायचं नव्हतं. त्यात अहवालाची प्रत दुकानदाराला मिळाल्याची पोचपावती फायलीत नव्हती. तो सुटला.

मी न्यायालयाला दोष देत नाही. अहवाल हाती पडल्यापासून 30 दिवसांत अपील करण्याचा दुकानदाराला हक्क आहे, आणि तो असलाच पाहिजे. अहवाल नुसता रवाना करून भागत नाही, तो आरोपीला मिळाल्याचं सिद्ध करावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये नारायण प्रसाद साहू यांच्या खटल्यात, जुन्या 1954च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली, स्पष्ट केलं. त्याआधी 1960च्या दशकातल्या घिसा राम प्रकरणात खटला इतक्या उशिरा भरला की दह्याचा नमुना नासला, फेरतपासणी होऊ शकली नाही आणि आरोपी सुटला. इतक्या जुन्या चुका आपण आजही करतो, याचा मला संताप येतो.

नमुना घेताना, चार भाग करून सील लावताना चित्रीकरण सक्तीचं करा. पोचपावती जोडल्याशिवाय एकही फाईल खटल्याच्या मंजुरीला जाऊ देऊ नका. विश्लेषकाचा अहवाल 14 दिवसांत यावा, असं कायदाच सांगतो. किती अहवाल वेळेत आले आणि किती खटल्यांत शिक्षा झाली, ते जिल्हावार जाहीर करा. धाडींच्या फोटोंपेक्षा मला ते आकडे हवे आहेत.

उन्हाळा आला की आमच्या पेठेतल्या बायका वर्षाची हळद दळून घ्यायला आजही त्याच दुकानातून हळकुंडं आणतात.

आपला,
एक पंच