योहान, मनगटावरच्या क्रूसाबद्दल

प्रिय योहान,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तू पाठवलेलं डिझाइन पाहिलं. उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला क्रूस, त्याखाली आजीचं नाव आणि ती गेली ती तारीख. तू ते घरच्या ग्रुपवर टाकलंस, मोठ्या आत्यांनी लगेच बायबलमधलं लेवीय १९:२८ पाठवलं, पप्पांनी काहीच लिहिलं नाही आणि तूही गप्प झालास. फोनवर हा विषय निघाला की आपल्यापैकी एक जण रडणार नाहीतर चिडणार, म्हणून लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. क्रूसाला माझी ना नाही. आजीच्या नावाला आणि तारखेला मात्र इतक्यात नको म्हणते.

आत्यांनी पाठवलेलं वचन खरंच आहे. मेलेल्यांसाठी अंगावर वार करून घेऊ नका, अंग गोंदवून घेऊ नका, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. पण त्याच अध्यायाच्या वरच्या ओळी वाच. दोन प्रकारच्या सुतांचं कापड अंगावर घालू नका, डोक्याचे केस कडेने गोल कापू नका, दाढीच्या कडा छाटू नका. आपल्या मंडळीतला प्रत्येक पुरुष रविवारी दाढी करून येतो आणि निम्म्यांचे शर्ट टेरिकॉटचे असतात. त्यांना कोणी लेवीय दाखवत नाही, आणि दाखवूही नये. यरुशलेमेत प्रेषित आणि वडील एकत्र बसले होते ते प्रेषितांच्या कृत्यांच्या १५ व्या अध्यायात आहे. परराष्ट्रीयांतून आलेल्या विश्वासणाऱ्यांवर मोशेच्या नियमशास्त्राचं ओझं घालायचं नाही, असं तिथे ठरलं. मूर्तीला दाखवलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म, एवढ्यापासून दूर राहा म्हणाले. त्यात गोंदण नाही. तुझा उद्धार शाईने होणार नाही की जाणारही नाही, हे माझ्या मनात पक्कं आहे.

दुसरं वचन तुला पाळक साहेब सांगतील, करिंथकरांस पहिल्या पत्रातलं, शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. ते मला फार प्रिय आहे. पण ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे वेश्येकडे जाणाऱ्या माणसांना बोलतोय. शरीराची काळजी घ्या असा त्याचा अर्थ आपण वाढवून घेतला तरी चालेल, पण मग तो सगळीकडे लावावा लागेल. तोंडाचा कॅन्सर झालेली, जबडा उघडता न येणारी माणसं मी वॉर्डात वर्षानुवर्षं पाहिली. त्यांत आपल्या लोकांचीही गणती आहे. तंबाखूच्या पुडीवर हे वचन उच्चारलेलं मी क्वचितच ऐकलं, आणि मनगटावर क्रूस दिसला की ते लगेच सगळ्यांना आठवतं. हे मला पटत नाही.

आजीचंच बघ ना. कपाळावर आणि हनुवटीवर ठिपके, डाव्या हातावर तुळशीवृंदावन. नेवाशाकडच्या जत्रेत गोंदणारणीने ते काढलं, तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती आणि घरच्यांचा बाप्तिस्मा अजून व्हायचा होता. सुया एकत्र बांधून, काजळात बुडवून टोचत, आणि पोर रडू नये म्हणून गाणी म्हणत, असं ती सांगायची. पुढे पुढे त्या रेषा पसरल्या, वृंदावनाचे कोपरे विरघळले आणि निळसर हिरवा डाग तेवढा राहिला. नव्या सिस्टर्सना शीर शोधताना तो हात चाचपावा लागायचा. एकदा एका पाहुण्या प्रचारकांनी तिला त्याबद्दल विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "साहेब, प्रभूने मला गोंदणासकट घेतलं." दागदागिने इथेच राहतात, मेल्यावर गोंदण तेवढं बरोबर येतं, अशी जुन्या बायकांची समजूत होती. आजीला ती ठाऊक होती, पण तिने ती कधी मानली नाही. बरोबर कोण येणार आहे हे तिला माहीत होतं.

आता क्रूसाकडे येते, कारण तुझ्या डिझाइनमधला तोच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांबद्दल मी तुला लहानपणी सांगितलेलं आठवतं का? उजव्या मनगटाच्या आत छोटा क्रूस, तू काढलायस जवळपास तसाच. तिथे तो शतकानुशतकं चालत आलाय. सहाव्या शतकातल्या लेखनातसुद्धा मनगटावर नाहीतर दंडावर क्रूस किंवा ख्रिस्ताचं नाव गोंदवणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा उल्लेख सापडतो. जेरुसलेमच्या जुन्या शहरात याफा दरवाजाजवळ रझूक कुटुंबाचं गोंदणाचं दुकान आहे. मूळचे ते इजिप्तचे कॉप्ट. आमच्या घराण्यात हे काम ७०० वर्षं चालू आहे असं ते सांगतात. त्यांच्याकडे जुने लाकडी ठसे आहेत. आधी ठसा शाईत बुडवून हातावर उमटवायचा आणि त्या रेषांवरून टोचायचं. यात्रेकरू खाली वर्षही घालून घेतात. इथिओपियात किती बायकांच्या कपाळावर क्रूस असतो. बोस्नियातल्या कॅथलिक बायका तुर्कांच्या राज्यात मुलींच्या हातांवर क्रूस गोंदवत. तेव्हा ख्रिस्ती माणसाने गोंदवू नये, ते आपल्यात नाही, असं जे म्हणतात त्यांना आपलं घर किती मोठं आहे याची कल्पना नसते.

पण कॉप्ट आईबाप लहान लेकराच्या मनगटावर तो क्रूस काढतात तेव्हा काय करतात, याचा विचार कर. मूल हरवलं, अनाथ झालं, तरी ते कोणाचं आहे हे कळावं म्हणून काढतात. चर्चच्या दारावर पहारा असतो तेव्हा मनगट दाखवून आत जातात. २०१७ साली झावळ्यांच्या रविवारी टांटा आणि अलेक्झांड्रिया इथल्या चर्चमध्ये बॉम्बस्फोट झाले, उपासनेला आलेली माणसं मेली. २०१५ साली लिबियाच्या किनाऱ्यावर २१ कामगारांना ख्रिस्ती म्हणून मारलं, त्यातले २० कॉप्ट होते, पोटासाठी परदेशी गेलेले गरीब घरातले पुरुष. अशा देशात मनगटावर क्रूस असणं म्हणजे लपायची वाट आपणच बंद करणं. ते लोक पिढ्यान्‌पिढ्या ती बंद करत आलेत.

तुला विचारायचंय ते हेच. तुला ती वाट बंद करायची आहे का?

आपलं आडनाव गावातल्या बाकीच्या घरांसारखंच आहे. ते ऐकून आपण ख्रिस्ती आहोत हे कोणाला कळत नाही. तुझं नाव योहान आहे, पण ऑफिसात तुला सगळे 'योहो' म्हणतात हे तूच सांगितलंस. खराडीत फ्लॅट बघायला गेलास तेव्हा मालक म्हणाले, "आडनावावरून आपलेच दिसता," आणि तू काही बोलला नाहीस. मी तेव्हा तुला रागावले नाही, आताही रागवत नाही. डोक्यावर छप्पर लागतं. आपल्या समाजात तर हे फार खोलवर गेलंय. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्या माणसाची आरक्षणाची सवलत जाते. शीख आणि बौद्धांसाठी त्यात पुढे बदल झाला, आपल्यासाठी झाला नाही. म्हणून कितीतरी घरांत दाखल्यावर एक धर्म आणि चर्चच्या रजिस्टरमध्ये दुसरा असं चालतं. पोरांच्या शिक्षणासाठी ज्यांनी तसं केलं त्यांच्याकडे बोट दाखवायला माझा हात उचलत नाही. अन्याय कायद्यात आहे. पण त्यामुळे आपल्या अंगात एक सवय मुरली आहे. चारचौघांत विषय निघाला की आपण बोलणं दुसरीकडे नेतो.

उजवं मनगट झाकत नाही, योहान. डबा उघडताना दिसतं, रिक्षावाल्याला पैसे देताना दिसतं, पुढच्या घरमालकाशी हात मिळवताना दिसेल. चिडून बोललास तर क्रूस असलेला माणूस चिडून बोलला असं होईल. टीममधल्या कोणी येशूवरून वाईट विनोद केला तर सगळे आधी तुझ्याकडे बघतील. हे सगळं तुला चालणार असेल, तुला हवंच असेल, तर मी त्या क्रूसासाठी प्रार्थना करीन. घड्याळाचा पट्टा त्याच्यावर येईल अशा हिशोबाने जागा निवडली असशील तर मात्र थांब. झाकायचा क्रूस काढू नकोस.

गलतीकरांच्या पत्राच्या शेवटी पौल लिहितो की येशूच्या खुणा मी आपल्या शरीरावर धारण करतो. त्या खुणा त्याने मागून घेतल्या नव्हत्या. पाच वेळा एक कमी चाळीस फटके, तीन वेळा छड्यांचा मार, एकदा दगडमार. त्याच्या पाठीवरून हात फिरवला असता तर काय लागलं असतं हे मी नर्स म्हणून सांगू शकते. जखम भरते पण कातडी सपाट होत नाही. तुझ्यावर तसं काही यावं असं कोणती आई म्हणेल? मी तर मुळीच म्हणणार नाही. फक्त शाईची खूण काढण्याआधी त्या माणसाचं ते पत्र एकदा बसून वाच. सहाच अध्याय आहेत.

आता आजीचं नाव.

लेवीयातलं वचन तुला लागू नाही असं मी वर म्हटलं, पण त्याची सुरुवात मला राहून राहून आठवते. मेलेल्यांसाठी. त्या काळी आजूबाजूचे लोक दुःखाच्या भरात अंगावर वार करून घेत, आणि देवाने आपल्या लोकांना त्यातून अडवलं. थेस्सलनीकाकरांना पौल सांगतो, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. खेद करू नका असं तो म्हणत नाही. आजीला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. दफनाच्या दिवशी माती टाकताना तू मुठीतली माती सोडेनास, ते मी पाहिलं. त्यानंतर तू घरी राहिला नाहीस, दुसऱ्याच दिवशी पुण्याला गेलास, आणि एकदाही तिच्याबद्दल बोलला नाहीस. बोललास ते थेट या डिझाइनमधून. मला भीती वाटते की जे रडून व्हायला हवं ते तू सुईने करून घेतो आहेस. बाळा, आधी घरी ये. तिच्या खोलीत बस. तिचं 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक अजून उशाशी आहे, पानं सुटून आलीत.

आणि तारीख कशाला? ती मेली तो दिवस रोज डोळ्यांपुढे का ठेवायचा? तिच्या कबरीवर ती तारीख आहे, तिथे ती असावी. दोन वर्षांनी तुला तिचं नाव हवंच वाटलं तर घाल, तेव्हा मी अडवणार नाही.

शेवटी माझ्या कामातलं. हिपॅटायटिस बी चे तिन्ही डोस तुला दिलेले आहेत, पण सी ची लस नाही. सुईचं पाकीट तुझ्यासमोर फोडलं पाहिजे, शाई छोट्या वेगळ्या कपात ओतलेली हवी, उरलेली फेकलेली हवी. हे विचारायला लाजू नकोस, आणि उत्तर देताना कोणी वैतागला तर उठून ये. पप्पांच्या ऑपरेशनच्या जागी कसा जाड वळ उठलाय तो तू पाहिलायस. त्याला किलॉइड म्हणतात आणि ते घराण्यात असू शकतं. म्हणून आधी त्वचेच्या डॉक्टरांना मनगट दाखव. नको झालं तर लेझरने काढू असं मनात ठेवून करू नकोस. त्याला कितीतरी वेळा बसावं लागतं, आणि तरी पूर्ण जाईलच असं नाही.

पप्पांना ग्रुपवर विचारू नकोस. ती तुझी आजी होती, पण त्यांची आई होती, आणि तिचं नाव कुठे लिहायचं हे त्यांना न विचारता ठरू नये. रविवारी उपासनेनंतर ते घरीच असतात, दुपारी फोन कर. आत्यांशी मी बोलते.

आणि गोंदवल्यावर एक वर्ष तुझं रक्त कोणी घेणार नाही. तुझा गट ओ निगेटिव्ह आहे आणि ब्लड बँकेतून तुला फोन येतात. तीन महिने होऊन गेले असतील तर जाण्याआधी एकदा रक्त देऊन ये.

तुझी,
आई