समुद्र दिसला म्हणजे ‘लिंक्स’ नव्हे

महोदय,

सुटीच्या जाहिरातींत समुद्रकाठच्या कोणत्याही गोल्फ रिसॉर्टला सर्रास ‘लिंक्स’ म्हटले जाते. त्यावर विसंबून पुण्याहून भरमसाट पैसे मोजून जाणाऱ्यांची फसगत होते. किनारा आणि शेतजमीन यांच्यामधल्या उंचसखल, वाळूच्या पट्ट्यावरचे मैदान म्हणजे लिंक्स. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्रूजचा ओल्ड कोर्स हा त्याचा अस्सल नमुना. (तो रविवारी बंद असतो, हे विमानाची तिकिटे काढण्याआधी लक्षात घ्यावे.) कोकणातल्या कातळसड्यावर मैदान केले, तर समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही ते लिंक्स ठरणार नाही.

फरक पडतो तो जमिनीमुळे. वाळूतून पाणी लगेच निथळते, फेस्क्यू या बारीक पात्याच्या गवताखालची जमीन टणक राहते. आपल्याकडच्या मऊ ग्रीनवर (भोकाभोवतीच्या आखूड गवतावर) उंच मारलेला चेंडू पडला तिथेच थांबतो. लिंक्सवर तो टप्पा घेऊन ग्रीनमागे जातो. म्हणून चेंडू ग्रीनच्या बराच अलीकडे टाकून घरंगळू द्यावा. त्यातून पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. किनाऱ्यावरच्या दाट हवेत इथला १५० यार्डांचा फटका साधारण तीन यार्ड कमी जातो, थंडीत आणखी कमी.

समोरून वारा असेल तर जोर लावणे ही सर्वांत मोठी चूक. जोरामुळे चेंडूला उलटी फिरकी जास्त मिळते, तो वर चढतो आणि वाऱ्यात अडकतो. एक-दोन नंबर मोठा, म्हणजे चेंडू जास्त लांब मारणारा क्लब (काठी) घ्यावा, ग्रिप इंचभर खाली धरावी, चेंडू उजव्या पायाकडे थोडा सरकवावा आणि पाऊण स्विंग करावा. जास्त बाउन्सचा (फुगीर तळाचा) वेज, म्हणजे जवळून चेंडू उंच उडवायचा क्लब, टणक जमिनीवर आपटून उसळतो आणि चेंडू नुसता खरडला जातो. ग्रीनबाहेर गवत आखूड असेल तर सरळ पटर (चेंडू जमिनीवरून घरंगळवायचा क्लब) वापरावा.

पॉट बंकरची, म्हणजे वाळूच्या खोल, अरुंद खड्ड्याची, भिंत गवताचे थर विटांसारखे रचून उभी केलेली असते. चेंडू तिला चिकटून असेल तर झेंड्याचा मोह सोडून आडवा किंवा मागे काढावा. तेही जमत नसेल, तर २०१९ पासूनच्या नियमांनुसार दोन दंडाचे फटके घेऊन तो बंकरबाहेर, झेंडा आणि चेंडू यांना जोडणाऱ्या रेषेवर मागे टाकता येतो.

आपल्या पर्यटन पानांवर रिसॉर्टच्या खोल्यांचे दर छापता, तसेच मैदान वाळूचे की मातीचे, वारा कोणत्या महिन्यात कसा असतो आणि हँडिकॅपचा (खेळातल्या पातळीचा) दाखला लागतो का, हेही कृपया छापावे.

— एक गोल्फपटू, पुणे