साइन नियमातले दोन त्रिकोण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर, बेळगाव परिसरातील मराठी माध्यमाची मुले दहावीपर्यंत त्रिकोणमिती शिकतात ती काटकोन त्रिकोणापुरतीच. साइन आणि कोसाइनचे नियम, म्हणजे कोणत्याही त्रिकोणाच्या बाजू आणि कोन यांचे नाते सांगणारी सूत्रे, पुढे कॉलेजात, बहुधा इंग्रजीतून भेटतात आणि सूत्र पाठ करण्यापलीकडे फारसे उरत नाहीत, याची मनापासून खंत वाटते. आपल्याकडचे शेत काटकोनी क्वचितच असते. त्याचे तीन बांध 50, 70 आणि 80 मीटर असतील, तर कोसाइनच्या नियमाने 70 मीटरच्या बांधासमोरचा कोन नेमका 60 अंश येतो आणि क्षेत्र सुमारे 1732 चौरस मीटर, म्हणजे 17 गुंठे भरते.

आता समजा, केवळ 80 व 70 मीटरचे बांध आणि 70 समोरचा 60 अंशांचा कोन एवढेच ठाऊक आहे. साइनच्या नियमाने 80 समोरचा कोन काढताना 81.8 आणि 98.2 अशी दोन्ही उत्तरे निघतात, कारण कोन आणि 180 मधून तो वजा करून उरणारा कोन यांचे साइन सारखेच असते. परिणामी तिसरा बांध 50 मीटर असू शकतो किंवा 30 मीटर. दुसऱ्या त्रिकोणाचे क्षेत्र जेमतेम सव्वादहा गुंठे आहे. गणकयंत्र मात्र यांतला एकच कोन दाखवते. हा मुद्दा शिक्षकांनी फळ्यावर कंपासने दोन्ही त्रिकोण काढून मराठीतच समजावावा आणि दहावीच्या सुट्टीत त्यासाठी शाळांनी चार-दोन तास द्यावेत, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, खानापूर