उपाशी मेलेल्या उंदराला जिभेवर ताबा होता काय?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला वजनावरचा लेख वाचला. जाडी वाढते ती जिभेवर ताबा नसल्याने, असा निकाल लेखकाने पहिल्याच परिच्छेदात देऊन टाकला आहे. हे वाक्य मी जन्मभर ऐकत आले आहे. घरच्यांनी ऐकवले, आणि एकदा वजनकाट्यावरून उतरता उतरता डॉक्टरांनीही. तेव्हा लेख वाचून राग आला, हे कबूल करते. पण मी बरीच वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले आणि दरवर्षी एक प्रयोग फळ्यावर काढून दाखवला. तो लेखकांच्या वाचनात आलेला दिसत नाही, म्हणून हे पत्र.

अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत डग्लस कोलमन नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे दोन वाणांचे लठ्ठ उंदीर होते. दोन्ही सारखेच गोल, सारखेच खादाड. एकाला ‘ओबी’ म्हणत, दुसऱ्याला ‘डीबी’. कोलमननी एकेका जोडीची कातडी कुशीला शिवली, म्हणजे एकाचे रक्त थोडेथोडे दुसऱ्यात जाऊ लागते. डीबीला साध्या, सडपातळ उंदराशी जोडले तर डीबी खात राहिला आणि सडपातळ उंदराने अन्नाला तोंड लावणेच सोडले. तो उपासमारीने मेला. मग डीबीला लठ्ठ ओबीशी जोडले. आता तो लठ्ठ ओबीही उपाशी मेला! समोर अन्न असताना.

फळ्यावर दोन गोल आणि मध्ये एक बाण काढून मी इथे थांबत असे. कोणीतरी मागच्या बाकावरून विचारायचेच, “मॅडम, त्याला एकाएकी एवढा संयम कुठून आला?” संयम नव्हे, रक्तातून निरोप आला. डीबीच्या रक्तात ‘पुरे’ सांगणारा पदार्थ भरपूर होता, पण त्याच्या मेंदूला तो ऐकू येत नव्हता. ओबीला ऐकू येत होते, पण निरोप पाठवणारेच कोणी नव्हते. १९७३ साली कोलमननी हे मांडले, तेव्हा लठ्ठपणा हा वागण्यातला दोष आहे असेच बहुतेक तज्ज्ञ धरून चालले होते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि सहकाऱ्यांना ओबी उंदरातला तो बिघडलेला जनुक सापडायला १९९४ उजाडले. ‘पुरे’ सांगणारा तो पदार्थ चरबीच्या पेशींतच तयार होतो. त्याला लेप्टिन हे नाव मिळाले, ग्रीक ‘लेप्टोस’ म्हणजे बारीक यावरून. २०१० साली कोलमन आणि फ्रीडमन या दोघांना मिळून वैद्यकीय संशोधनाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

हे उंदरांपुरतेच, असे कोणी म्हणेल. केंब्रिजच्या संशोधकांनी १९९७ मध्ये दोन चुलत-मावस भावंडांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या शरीरात लेप्टिन जवळजवळ नव्हतेच. त्यातली मुलगी आठ वर्षांची, वजन ८६ किलो. पुढे तिला लेप्टिनची इंजेक्शने सुरू केली तेव्हा तिचे खाणे आपसूक कमी झाले आणि वजन उतरू लागले. तिच्या आईवडिलांना तोवर काय काय ऐकून घ्यावे लागले असेल, ते माझ्यासारखीला सांगायला नको.

अशी मुले अगदी विरळा, हेही सांगितले पाहिजे. आम्हा बाकीच्या जाड्यांच्या रक्तात लेप्टिन उलट जास्तच असते, मेंदू दाद देत नाही. म्हणून लेप्टिन हे सगळ्यांच्या जाडीवरचे औषध ठरले नाही. पण आमची खरी अडचण वजन घटवल्यावर सुरू होते. चरबी घटली की लेप्टिन खाली येते आणि मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा लावतो. जठरातून येणारे, भूक चाळवणारे घ्रेलिन वाढते. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० लोकांना दहा आठवडे अगदी तुटपुंज्या आहारावर ठेवले होते. वर्षभराने पाहिले तरी त्यांची संप्रेरके पूर्वपदावर आलेली नव्हती आणि भूकही वाढलेलीच होती. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झाले. मी स्वतः एकदा चौदा किलो उतरवले होते. त्या काळात रात्री दोन वाजता जाग यायची ती भुकेनेच, आणि दिवसा समोरच्याचे बोलणे अर्धेच कानात शिरायचे. दोन वर्षांत चौदाचे सोळा होऊन परत आले.

खाण्याचा काहीच संबंध नाही असे मी म्हणत नाही. काय खातो, किती झोपतो, याने फरक पडतोच, आणि लेखातला चालण्याचा सल्ला उत्तम आहे, मीही चालते. माझी हरकत ‘ताबा’ या शब्दाला आहे. श्वास रोखून धरता येतो, म्हणून दम लागलेल्याला कोणी आळशी म्हणत नाही. भूक कमी करणारी, हल्ली गाजणारी जीएलपी-१ ची इंजेक्शने घेणारे लोक सांगतात की डोक्यातला खाण्याचा घोषा थांबला. इंजेक्शन बंद केले की बहुतेकांचा तो परत येतो, बरेचसे वजनही परत येते. इच्छाशक्ती दर आठवड्याला सुईतून आत जाते आणि औषध संपले की ओसरते, असे लेखकांना म्हणायचे आहे काय?

पुढच्या रविवारी याच विषयाचा दुसरा भाग येणार असे लेखाखाली छापले आहे. त्यात कोलमनच्या उंदरांना चार ओळी मिळाव्यात, एवढी विनंती. आणि लेखासोबत मान कापून छापलेला पोटाचा फोटो कृपया नको.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका